विश्वास ठेवणे वेगळे, पुढे पाठवणे वेगळे

पावसाळा सुरू झाला की बडोद्यात एक सूचना सगळीकडून येऊ लागते. पत्रकात असते, वर्तमानपत्रात असते, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर रोज असते: ‘स्वतः खात्री केल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नका.’ सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. तरीही ही सूचना मला चुकीची वाटते, आणि ती का चुकीची हे एकदा नीट मांडायला हवे असेही वाटते. जी सूचना पाळताच येत नाही ती लोक ऐकून सोडून देतात. जी पाळता आली असती, जिने खरोखर काही फरक पडला असता, ती मात्र कुणी देत नाही.

ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा आठवा. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. त्या आठवड्यात नदी ३५ फुटांच्याही वर गेली. कारेलीबाग, समा, फतेगंज, अकोटा या भागांत घराघरांत पाणी शिरले. अशा रात्री दुसऱ्या मजल्यावर अडकलेल्या एखाद्या काकूंच्या फोनवर बॅटरी संपण्याआधी काय काय येत असेल? आजवा जलाशयाचे पाणी पुन्हा सोडले. काळ्या घोड्याकडचा पूल बंद झाला. पाणी उतरायला लागले. पाणी अजून चार फूट चढणार. सोसायटीत मगर शिरली. यातल्या कुठल्या गोष्टीची खात्री त्या स्वतः करणार? पुलाची खात्री करायची तर छातीभर पाण्यातून पुलापर्यंत जावे लागेल. आजवा तर शहराच्या पार बाहेर. त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच असतो की खालच्या मजल्यावरच्या आजोबांना आत्ताच वर आणायचे की अर्धा तास थांबायचे. आणि तो प्रश्न पुरावे गोळा होईपर्यंत थांबत नाही.

तत्त्वज्ञानात या सूचनेचा एक प्रसिद्ध पुरस्कर्ता आहे. विल्यम क्लिफर्ड हा इंग्लंडमधला गणितज्ञ. १८७७ साली त्याने ठामपणे मांडले की अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणे ही केव्हाही, कुठेही आणि कुणाचीही चूकच. त्याने दिलेले उदाहरण जोरदार आहे. एका मालकाचे जहाज जुने झालेले असते, डागडुजीला आलेले असते. त्याच्या मनात शंका येते. पण आजवर इतक्या सफरी पार पडल्या, हीही पडेल, अशी तो स्वतःची समजूत घालतो आणि परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या कुटुंबांना घेऊन जहाज सोडतो. जहाज बुडते. मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड पुढे म्हणतो, जहाज सुखरूप पोचले असते तरी हा माणूस तितकाच दोषी ठरला असता, कारण जे मानले ते मानण्याचा त्याला अधिकारच नव्हता.

मालकाबद्दल क्लिफर्डचे म्हणणे मला पूर्ण पटते. पण त्या जहाजावर आणखी माणसे होती, त्यांचे काय? ती कुटुंबेही जहाज धड आहे असे मानूनच चढली. त्यांनी तळ तपासला नव्हता, फळ्या ठोकून पाहिल्या नव्हत्या, सुताराला विचारले नव्हते. क्लिफर्डचा नियम ‘कुणाचीही’ चूक म्हणतो. मग या बुडालेल्या माणसांनाही तो दोष देणार का? कोणताही शहाणा माणूस देणार नाही. याचा अर्थ त्याच्याच उदाहरणात दोन वेगळी माणसे आहेत, आणि त्यांना एक नियम लागू पडत नाही. एकाच्या हातात तपासायचे साधन होते आणि त्याच्या शब्दावर दुसऱ्यांचे जीव अवलंबून होते. दुसऱ्याला त्या शब्दावाचून दुसरा आधार नव्हता. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये क्लिफर्डला उत्तर दिले, पण ते श्रद्धेच्या वाटेने गेले आणि मालक-प्रवासी हा फरक त्यात महत्त्वाचा ठरला नाही. मला तोच महत्त्वाचा वाटतो. पूर, साथ, दंगल, निवडणूक अशा प्रत्येक वेळी आपण सारे प्रवाशांना झापतो आणि मालकांना सोडून देतो.

इथे कुणी म्हणेल, पुरातल्या काकूंना वेळ नव्हता हे ठीक. ज्याच्याकडे वेळ आहे, साधने आहेत, त्याने तरी प्रत्येक गोष्टीची खात्री करून घ्यावी. पण खात्री म्हणजे काय, ती कशाने करायची, आणि ज्याने करायची त्याची खात्री कुणी द्यायची? हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याच्याशी बडोद्याचे नाते आहे. जुने ग्रंथ छापणारी बडोद्याची गायकवाड ओरिएंटल सिरीज १९१६ साली सुरू झाली. या मालेत १९२९ साली ज्युसेप्पे तुची या इटालियन पंडिताने चिनी भाषांतरावरून आणलेली, बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची ‘विग्रहव्यावर्तनी’ प्रसिद्ध झाली. त्यात नागार्जुन नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, विचारतो: सगळे काही प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, सिद्ध होते असे तुम्ही म्हणता, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर त्या दुसऱ्यांना तिसरी लागतील आणि ही साखळी संपणार नाही. प्रमाणांना प्रमाण लागतच नाही म्हणाल तर ‘सगळे प्रमाणाने सिद्ध होते’ हे तुमचे म्हणणे तुम्हीच मोडले. प्रमाणे आणि प्रमेये, म्हणजे त्यांनी जाणल्या जाणाऱ्या गोष्टी, एकमेकांना सिद्ध करतात म्हणाल तर मुलगा बापाला जन्म देतो असे म्हणण्यासारखे झाले. ग्रीकांमध्ये अग्रिपा नावाच्या संशयवाद्याच्या नावावर असाच पेच सांगितला जातो. युरोपातल्या पुढच्या ज्ञानमीमांसेचा मोठा भाग या पेचातून वाट काढण्यात गेला आहे.

एक वाट पायाची. कुठेतरी अशी काही विधाने असली पाहिजेत ज्यांना दुसऱ्या आधाराची गरज नाही. बाकी सारे त्यांच्यावर उभे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये असा पाया शोधायचा प्रयत्न केला. पुराच्या रात्री आपणही तेच करतो. गप्पा पुरे, आकडा सांगा, असे म्हणतो. काळ्या घोड्याजवळ नदीची पातळी किती फूट? हा प्रश्न योग्यच आहे, पण आकडा म्हणजे तळाचा दगड नव्हे. तो कुणीतरी वाचलेला असतो, कुणीतरी लिहून घेतलेला असतो, कुणीतरी फोनवर सांगितलेला असतो. पट्टीवरचा शून्य कुठे धरायचा हे पूर्वी कुणीतरी ठरवलेले असते. तो सकाळी सहाचा की दुपारी दोनचा, हे कळले नाही तर खरा आकडाही दिशाभूल करतो. पायाखाली खणत गेले की पुन्हा माणसेच लागतात, त्यांचे डोळे, त्यांच्या नोंदी, त्यांचा प्रामाणिकपणा.

नैयायिकांनी दिलेले उत्तर मला या सगळ्यात सर्वांत समंजस वाटते. न्यायसूत्रात तराजूचा दाखला आहे. तराजूने सोने तोलतात तेव्हा तराजू हे प्रमाण. पण तराजूबद्दलच शंका आली तर खात्रीच्या सोन्याने तराजूही तपासता येतो. तेव्हा तो प्रमेय. एकच वस्तू एका वेळी मोजते आणि दुसऱ्या वेळी मोजली जाते, यात विसंगती नाही. सगळे तराजू एकाच क्षणी तपासून मगच बाजार उघडा, अशी मागणी कुणी करत नाही. शंकेला कारण असेल तेव्हा तपासता यावा, एवढीच अट. नागार्जुनाच्या साखळीला हे तर्कशास्त्रातले निर्णायक उत्तर आहे की नाही यावर पंडित अजून भांडतात. मला मात्र त्यातली एक गोष्ट सार्वजनिक जीवनासाठी मोलाची वाटते: विश्वसनीय म्हणजे कधीच न तपासलेले नव्हे, आणि दर वेळी तपासलेलेही नव्हे. विश्वसनीय म्हणजे तपासायला खुले असलेले.

दुसरी वाट जुळणीची. एखादे विधान आपल्या बाकीच्या माहितीत बसते का ते पाहायचे. बसत असेल तर मानायचे. या वाटेत बरेच तथ्य आहे. त्याच ऑगस्टमध्ये अकोट्यात एका घराच्या छपरावर मगर बसलेली दिसली आणि तिचे चित्रण देशभर फिरले. पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकाला ते बनावट वाटले तर नवल नाही. बडोदेकराला वाटले नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत हे इथे लहान मुलालाही ठाऊक. पाणी छपरापर्यंत पोचल्याचे लोक खिडकीतून पाहत होते. मग छपरावर मगर यात अशक्य ते काय? एकच चित्र, एकाला अविश्वसनीय आणि दुसऱ्याला साहजिक. दोघेही आपापल्या जागी बरोबर विचार करत होते. समर्थन हे एकट्या विधानाचे नसते, त्याच्याभोवतीच्या जाणकारीचे असते, ही सुसंगतिवाद्यांची शिकवण यातून स्पष्ट होते.

पण जुळणी फसवू शकते, आणि ती किती क्रूरपणे फसवू शकते हे या शहराने पाहिले आहे. १९१७ साली भीमराव आंबेडकर, गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून, कराराप्रमाणे नोकरीसाठी बडोद्यात आले. त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचे सांगून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले; ओळख उघड झाल्यावर काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना तिथून घालवले. अखेर त्यांना शहर सोडावे लागले. त्यांना जागा नाकारणाऱ्यांची समजूत त्यांच्या बाकीच्या समजुतींत बिनचूक बसत होती. शास्त्र तेच सांगत होते, घरातले वडीलधारे तेच सांगत होते, शेजारी तेच पाळत होते. एकाला विचारले तर तो दुसऱ्याचा दाखला देणार, दुसरा तिसऱ्याचा, आणि तिसरा पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवणार. इतकी घट्ट जुळणी, आणि मुळापासून अन्याय्य. त्या जुळणीला तडा गेला असता तो समोरच्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याने. नेमके तेच कुणी ऐकत नव्हते. तुकोबांनी म्हटले आहे, ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियले नाही बहुमता.’ बहुमत नाकारण्याचे हे धैर्य मला पूज्य आहे. पण काठ्या घेऊन आलेल्यांचे मनही त्यांना ग्वाही देतच असणार. म्हणून जुळणी तपासताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: या गोतावळ्यात कुणाचा शब्द आत येऊच दिलेला नाही?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पाया असो की जुळणी, ऐकणाऱ्याने नेमके काय करायचे? आपल्याकडच्या मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणारे) आणि नैयायिकांनी हा प्रश्न ‘प्रामाण्य स्वतः की परतः’, म्हणजे ज्ञानाचे खरेपण त्याचे त्यालाच की बाहेरून, या नावाने शेकडो वर्षे लढवला. सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल म्हणतो, ज्ञान झाले की ते प्रमाण धरावे. ते दोनच गोष्टींनी मोडते: त्याला खोटे पाडणारे दुसरे ज्ञान समोर आले, किंवा ते ज्या कारणातून आले त्या कारणातच दोष आढळला. यांपैकी काही घडले नाही तर उगीच शंका काढत बसू नये. तपासणी कितीही लांबली तरी तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे जावे लागत नाही, असेही तो सांगतो. नैयायिक उलट म्हणतात. ज्ञानाचे खरेपण त्याच्या बाहेरून कळते, मुख्यतः त्यावर आधारून केलेली कृती यशस्वी होते त्यावरून. लांबून पाणी दिसले. जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली. मग ते पाणीच होते.

कुमारिलाचा हेतू वेदांचे प्रामाण्य राखण्याचा होता. ज्या शब्दाला कर्ताच नाही त्यात कर्त्याचे दोष कसे येणार, असे त्याला म्हणायचे होते. तो निष्कर्ष मी घेत नाही. पण त्याचे निदान मला माणसाच्या व्यवहाराशी फार प्रामाणिक वाटते. पुरात अडकलेल्या माणसाला नैयायिकाची कसोटी वापरायला सांगणे म्हणजे पुलावर जाऊन पाहा म्हणणे. कुमारिलाची कसोटी ती व्यक्ती खोलीत बसून वापरू शकते. ‘आजव्याची भिंत फुटली’ असा संदेश आला. भिंतीची खात्री करणे तिच्या हातात नाही. पण संदेशाला नाव नाही, वेळ नाही, ठिकाण नाही, शब्दही ओळखीचे, पूर्वीच्या एखाद्या पावसाळ्यात हेच वाचलेले. हे कारणदोष तिला दिसतात. दिसले की विश्वास काढून घ्यावा. दिसले नाहीत तर मानावे, आणि मानल्याबद्दल तिला कुणी मूर्ख म्हणू नये. ऐकणाऱ्याचे कर्तव्य इतकेच, आणि ते पाळता येण्याजोगे आहे.

मग नैयायिकांची कडक कसोटी फेकून द्यायची का? मुळीच नाही. नवव्या शतकात काश्मीरमधल्या जयंत भट्ट या नैयायिकाने एक फरक केला आहे, तो इथे कामाला येतो. रोजच्या दृष्ट व्यवहारात माणूस ज्ञानाचे प्रामाण्य आधी निश्चित करत बसत नाही, थेट कृती करतो, आणि ते योग्यच आहे. पण जिथे खूप द्रव्य आणि खूप कष्ट पणाला लागणार, तिथे आधी निश्चिती हवी. जयंताच्या डोळ्यापुढे यज्ञयाग होते. तत्त्व मात्र व्यापक आहे: जितके पणाला लागले असेल तितकी तपासणी वाढते. बडोद्यातच १९२६ साली दोन खंडांत छापल्या गेलेल्या शांतरक्षित या बौद्ध पंडिताच्या ‘तत्त्वसंग्रहा’वरील पंजिकेत, म्हणजे टीकेत, त्याचा शिष्य कमलशील तर स्पष्टच म्हणतो की यात एकच नियम नाही, काही ज्ञाने स्वतः प्रमाण असतात, काहींना बाहेरचा आधार लागतो. शाळेपासून विद्यापीठापर्यंत आपण या वादातले पक्ष पाठ करून घेतो: मीमांसक स्वतः, नैयायिक परतः. कमलशीलाचा अनियमाचा पक्ष मात्र तळटीपेत जातो. तोच आज सर्वांत उपयोगी आहे असे माझे मत आहे.

माझे म्हणणे असे. विश्वास ठेवणे ही एक कृती, आणि तो विश्वास पुढे पाठवणे ही निराळी कृती. दोहोंना वेगळे नियम लागतात. ऐकताना कुमारिल, सांगताना नैयायिक. मी एखादी बातमी मानली आणि ती खोटी निघाली, तर बहुतेक वेळा नुकसान माझे. मी ती चार ग्रुपवर टाकली, की मी प्रवासी राहिलो नाही, जहाजाचा मालक झालो. माझ्या शब्दावर विसंबून कुणीतरी रात्री घर सोडेल, कुणीतरी सोडणार नाही.

आणि मालकाच्या जागी बसलेल्याने कसे असावे हे सांगायला नवी आचारसंहिता लिहायला नको. न्यायसूत्र म्हणते, आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण. त्यावरच्या भाष्यात वात्स्यायन आप्त कोण ते सांगतो: ज्याने ती गोष्ट साक्षात जाणली आहे, आणि जशी पाहिली तशीच दुसऱ्याला कळावी या इच्छेने जो बोलतो. दोनच अटी. स्वतः जाणलेले असणे, आणि जसेच्या तसे सांगण्याची इच्छा असणे. पुढे तो जे म्हणतो ते वाचून मला दर वेळी आनंद होतो: ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही हे लक्षण समान. आप्त होण्यासाठी कूळ लागत नाही, पदवी लागत नाही. पुलावरून दहा मिनिटांपूर्वी रिक्षा काढून आलेला माणूस पुलाच्या बाबतीत आप्त आहे. अलकापुरीत कोरड्या घरात बसून दुसऱ्याचा संदेश ढकलणारा डॉक्टर त्या बाबतीत आप्त नाही, त्याच्या नावामागे कितीही अक्षरे असोत. आपल्या ग्रुपमध्ये नेमके उलट घडते. साहेबांनी टाकले म्हणजे खरे, आणि रिक्षावाल्याने सांगितले तर ‘याला काय कळते’. हा फक्त उद्धटपणा नाही, यात खरी माहिती वाया जाते. १९१७ साली या शहराने जी चूक माणुसकीची केली तीच इथे छोट्या प्रमाणात ज्ञानाची होते: शब्द कुणाचा आहे ते पाहून तो ऐकायचा की नाही हे ठरवणे.

‘जसे आले तसे पाठवत आहे’ या वाक्याला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. लिहिणाऱ्याला वाटते की ही ओळ टाकून आपण जबाबदारीतून मोकळे झालो. वास्तविक त्याने आप्ताच्या दोन्ही अटी मोडल्याची कबुली दिलेली असते: मी पाहिलेले नाही, आणि कुणी पाहिले तेही मला माहीत नाही. मग सांगतोस कशाला? ऐकीव गोष्ट सांगूच नये असे मी म्हणत नाही. आपले बरेचसे ज्ञान ऐकीवच असते. आपली जन्मतारीखसुद्धा आपण ऐकूनच मानतो. पण ऐकीव गोष्ट सांगताना धागा तोडू नये. ‘समोरच्या बिल्डिंगमधल्या भाईंनी संध्याकाळी सातला गच्चीवरून पाहिले, त्यांनी मला फोनवर सांगितले’ हे वाक्य प्रामाणिक आहे. ऐकणारा त्यावर विचार करू शकतो, भाईंना फोन करू शकतो. धागा तुटला की त्याला कारणदोष शोधायलाही जागा राहत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ‘समजा खरेच निघाले तर? सावध केलेले बरे ना?’ आई-वडील, लहान मुले घरात असताना कुणालाही असेच वाटेल. पण खोट्या इशाऱ्याची किंमत शून्य नसते. म्हाताऱ्या माणसांना अंधारात जिने चढावे लागतात, घाबरून निघालेली वाहने बचावाच्या बोटींची वाट अडवतात, आणि पुढचा खरा इशारा कुणी मनावर घेत नाही. शिवाय सावध करण्याचा दुसरा मार्ग मोकळाच आहे. जे माहीत नाही ते विधान म्हणून न पाठवता प्रश्न म्हणून पाठवा: ‘आजव्याबद्दल असे ऐकले, कुणाला प्रत्यक्ष माहिती आहे का?’ धोक्याची कल्पना तितकीच पोचते, आणि ग्रुपमध्ये कुणी आप्त असेल तर तो बोलता होतो.

काही जण नंतर येऊन म्हणतात, ‘बघा, मी पाठवलेले खरे निघाले.’ मागच्या एखाद्या पुरातला, बुडालेल्या पुलाचा फोटो आजचा म्हणून टाकला, आणि योगायोगाने आज पूल खरोखरच बुडालेला होता. विधान खरे, पाठवणाऱ्याचा विश्वासही खरा, दिसायला पुरावाही आहे. तरी हे ज्ञान नव्हे. एडमंड गेटियरने १९६३ साली जेमतेम तीन पानांत हीच अडचण दाखवली आणि ‘समर्थित सत्य विश्वास म्हणजे ज्ञान’ ही व्याख्या डळमळीत केली. बाराव्या शतकातला श्रीहर्ष मिटल्या मुठीतल्या कवड्या किती, हे अंदाजाने बरोबर सांगणाऱ्याबद्दल असाच प्रश्न विचारून गेला होता. अंदाज बरोबर आला म्हणून त्याला कवड्या माहीत होत्या असे होत नाही. क्लिफर्डचे ते वाक्य इथे लागू पडते: जहाज पोचले म्हणून मालक निर्दोष ठरत नाही.

आणखी एक आक्षेप: ऐकणाऱ्याला तुम्ही सैल सोडता, मग खोटे पसरवणाऱ्यांचे फावणार. मला तसे वाटत नाही. अफवा मानणाऱ्यांमुळे वाढत नाही, पुढे देणाऱ्यांमुळे वाढते. ज्याने मानली पण पुढे दिली नाही, त्याच्यापाशी ती संपते. सारा जोर ‘भोळे होऊ नका’ यावर दिल्याने आपण लोकांना भोळेपणाची लाज शिकवली, पाठवण्याची जबाबदारी शिकवलीच नाही. परिणाम असा की लोक आता सगळ्यांवरच अविश्वास ठेवतात आणि तरीही सगळेच पुढे पाठवतात.

हा सरसकट अविश्वास मला अफवेपेक्षा अधिक घातक वाटतो. ‘सगळेच खोटे बोलतात, कुणाचे काय ऐकायचे’ हे आजकाल शहाणपण समजले जाते. या विचाराचा खरा पंडित जयराशी भट्ट. त्याच्या ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथाची पोथी पाटणला मिळाली आणि पं. सुखलालजी संघवी व रसिकलाल परीख यांनी संपादलेला ग्रंथ १९४० साली बडोद्याहूनच प्रसिद्ध झाला. जयराशी एकेक प्रमाण घेतो आणि मोडून काढतो. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द, काही ठेवत नाही. शेवटी म्हणतो, तत्त्वे अशी सगळी कोसळली तरी न तपासता रम्य वाटणारे सारे व्यवहार चालूच राहतात. त्याच्या तर्काची धार मी मान्य करतो, आणि एवढ्या कष्टाने, एकेका प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडून केलेल्या संशयाला आजच्या आळशी संशयाच्या पंक्तीत बसवणार नाही. पण त्याचे शेवटचे वाक्य मला मान्य नाही. व्यवहार आपोआप चालू राहत नाहीत. पुराच्या रात्री कुणाचाच शब्द मानायचा नाही असे शेजाऱ्यांनी ठरवले तर बोट येऊन थांबली तरी कुणी उतरणार नाही. व्यवहार चालतात कारण कुणीतरी खरे सांगण्याची तसदी घेत असते.

म्हणून शेवटचे मागणे सांगणाऱ्यांकडेच आहे, आणि सर्वांत आधी सत्तेकडे. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे सांगणे सोपे आहे. त्या जागी काय मानायचे ते दिले नाही तर ते सांगणे पोकळ आहे. बडोदा संस्थानाने १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० नंतर गावोगावी ग्रंथालये आणि फिरती वाचनालये नेली. त्यामागे एक विचार होता: प्रजेला आधार शोधता यावा ही राजाची जबाबदारी. तोच विचार आजच्या पुराच्या पत्रकाला लावून पाहावा. आकड्याबरोबर वेळ असावी. कुठे मोजला ते असावे. पुढचा आकडा कधी येणार ते आधीच सांगावे आणि बदल झाला नसला तरी त्या वेळेला आकडा द्यावा, कारण गप्प बसलेल्या सरकारची जागा अफवा लगेच घेते. आणि मधला एखादा आकडा चुकला असेल तर तो गुपचूप न बदलता ‘सहा वाजताचा आकडा चुकला होता, बरोबर आकडा हा’ असे त्याच ठिकाणी लिहावे. चूक मान्य करणाऱ्या खात्यावरचा विश्वास कमी होतो अशी अधिकाऱ्यांची भीती असते. तराजू तपासू देणाऱ्या दुकानाकडे गिऱ्हाईक परत येते, हे दांडिया बाजारातला कुठलाही सराफ सांगेल.

सोसायट्यांनाही हे करता येईल, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. नदीकाठच्या, पुलाजवळच्या, कमानीपाशी राहणाऱ्या दोन-तीन जणांना जूनच्या आधीच विचारून ठेवावे की पाणी चढू लागले तर तुम्ही डोळ्यांनी पाहून, वेळ घालून सांगाल का. यात पहारेकरी असेल, भाजीवाल्या बेन असतील, कॉलेजातला मुलगा असेल. त्या दिवसांत पाण्याबद्दल विधान करायचे ते त्यांनी; बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. त्यांची नावे आणि नंबर कागदावर लिहून जिन्याच्या पहिल्या वळणावर, पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर लावावेत, कारण लाइट गेली की फोन लवकरच बंद पडतात.